प्रगतिपुस्तकातील शेरा

२०२४ च्या सप्टेंबरमधील एका संध्याकाळी पुण्याहून मुलाचा दूरध्वनी आला. नातवाच्या शाळेने त्या दोघांना बोलावून घेतले होते. पहिलीचा वर्ग सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. मुलगा जागेवर बसत नाही, वहीतले लिखाण अर्धे सोडतो, दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देत नाही, तेव्हा एडीएचडीची तपासणी करून अहवाल आणावा, असे शाळेचे म्हणणे होते. मागे सूनबाईच्या रडण्याचा आवाज येत होता.

"आई, तू बत्तीस वर्षं मुलं शिकवलीस. तुला काय वाटतं?" मुलाने विचारले.

मी काही क्षण गप्पच राहिले. दोनच वर्षांपूर्वी याच घरातील माझ्या मुलीला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी हेच नाव सांगितले होते. ती माझ्याच वर्गात शिकली होती आणि मला काहीही कळले नव्हते. ज्या शिक्षिकेला पोटच्या मुलीत हा विकार चोवीस वर्षे दिसला नाही, तिने साडेपाच वर्षांच्या नातवाविषयी मत द्यावे तरी कोणत्या तोंडाने?

हा लेख मुलीची व मुलाची परवानगी घेऊन लिहीत आहे. नावे मात्र देत नाही. कारण पुढे येईलच.

एडीएचडीला मराठीत बहुतेक जण 'अतिचंचलता' म्हणतात. हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण तो विकाराची एकच बाजू सांगतो. डॉक्टर ज्या यादीवरून निदान करतात तिच्यात अठरा लक्षणे आहेत. त्यांतील नऊ चंचलतेची व उतावळेपणाची, तर नऊ केवळ अवधानाची आहेत: वस्तू हरवणे, हाती घेतलेले काम अर्धवट राहणे, समोरचा बोलत असताना मन दुसरीकडे जाणे, क्षुल्लक चुका होणे, रोजच्या गोष्टी विसरणे. एखाद्या मुलात ही दुसरी नऊच असतील, तर ते मूल खुर्चीवर स्वस्थ बसलेले असते. कोणाला त्याचा त्रास नसतो. 'अतिचंचल' हा शब्द कानावर पडला की आपण धावणारा, पडदे ओढणारा मुलगा डोळ्यांसमोर आणतो. खिडकीपाशी बसलेली शांत मुलगी त्या शब्दात मावत नाही.

माझी मुलगी खिडकीपाशी बसत असे.

१९९८ साली ती पाचवीत होती. वर्गात चोपन्न मुले. मुलीला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून मी तिच्याशी इतरांपेक्षा थोडी कठोरच वागे. तिची कंपासपेटी दर महिन्याला हरवे. गणित तोंडी विचारले तर उत्तर बरोबर, वहीत उतरवताना ६८ चे ८६ होत. शुद्धलेखनाची वही घरी, भूगोलाची शाळेत, अभ्यास नेमका त्याच्या उलट. पण गोष्टीचे पुस्तक हाती आले, की जेवणाची हाक तिला ऐकू येत नसे. यामुळे तर माझा राग अधिकच वाढे. पुस्तकात चार तास लक्ष लागते आणि भागाकारात चार मिनिटे लागत नाही, म्हणजे हा निव्वळ आळस, असा माझा हिशेब होता. आता कळते की या विकारात लक्ष नसते असे नाही. हवे तेव्हा, हवे तिथे ते वळवता येत नाही. त्या वेळी मला हे कोणी सांगितले असते तरी मी ऐकून घेतले असते की नाही, शंकाच आहे.

त्या वर्षीच्या तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिले: 'बुद्धी चांगली. परंतु धांदरटपणा फार. मनावर घेतल्यास प्रगती होईल.'

असा शेरा मी आयुष्यात किती प्रगतिपुस्तकांत लिहिला असेल याची गणना नाही. सहीसारखा तो हातातून उतरत असे.

मुलीने मनावर घेतले नाही असे मात्र झाले नाही. पुढची वीस वर्षे ती तेच करीत होती. बी.कॉम. चांगल्या गुणांनी झाली. आपल्याकडे हुशार मुलीला सी.ए. करण्याची रीतच आहे, त्याप्रमाणे तिलाही घातले. अंतिम परीक्षेला ती चार वेळा बसली. अभ्यास करीत नव्हती म्हणावे, तर रात्री दोन वाजेपर्यंत तिच्या खोलीत दिवा असे. तीन तासांच्या पेपरात पहिल्या प्रश्नावर दीड तास जाई आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे राहत. चौथ्या निकालानंतर तिने पुस्तके बांधून माळ्यावर टाकली आणि एका कार्यालयात नोकरी धरली. "मीच कमी पडले, आई," एवढेच ती म्हणाली. मीही तसेच मानले.

लग्नानंतर गॅसवर दूध ठेवून विसरणे, विजेचे बिल भरायचे राहणे, पाहुणे यायच्या दिवशीच भाजी नसणे, या गोष्टी सासरी कशा दिसतात ते भगिनींना सांगायला नको. पुरुषाचे पाकीट हरवले तर तो विसरभोळा. बाईचे दूध उतू गेले तर तिचे संस्कार निघतात. तिला रात्रीची झोप लागेना, छातीत धडधडे. डॉक्टरांनी चिंताविकार म्हणून दोन वर्षे औषध दिले. चिंता होतीच. पण ती कशातून येते, हे कोणी विचारले नाही. अखेर जावईबापूंनी पुढाकार घेऊन २०२२ मध्ये दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांकडे नेले.

त्या डॉक्टरांनी थायरॉईडची तपासणी करून घेतली, नैराश्याविषयी विचारले, पतीशी स्वतंत्र बोलले आणि मग म्हणाले, लहानपणीचा काही पुरावा आहे का? कारण मोठेपणी निदान करायचे तरी लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वी असावी लागतात. हा विकार तिशीत एकाएकी उद्भवत नाही. मुलीने मला दूरध्वनी केला: "आई, माझी जुनी प्रगतिपुस्तकं ठेवली आहेस का?"

ठेवली होती. मीच ती पुण्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी पाचवीचे उघडले, शेरा दोनदा वाचला, आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे अगदी उपयोगी आहे. कोणी लिहिलंय?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "मी."

ते मोठ्या सौजन्याने म्हणाले, की त्या काळात कोणीही असेच लिहिले असते. मला त्या सौजन्याचाच अधिक त्रास झाला. आजार नेमका टिपला होता, त्याचे नाव तेवढे 'दोष' असे ठेवले होते.

डॉक्टरांचे म्हणणे काळाच्या दृष्टीने खोटे नव्हते. मुलांच्या अस्वस्थपणाचे वर्णन वैद्यकात जुने आहे. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली होती. परंतु शतकभर सारे लक्ष वात्रट मुलग्यांवरच राहिले. १९९४ च्या अमेरिकन नियमावलीत लक्षणे सातव्या वर्षाच्या आत दिसली पाहिजेत अशी अट होती. २०१३ मध्ये ती बारा वर्षांपर्यंत नेली आणि सतरा वर्षांवरील व्यक्तीसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली. माझ्या मुलीसारख्यांना यामुळे दार उघडले. दार रुंद केले की नको तेही आत येतात, असे याच बदलावर टीका करणाऱ्यांचे म्हणणे आहे. ते म्हणणे टाकाऊ नाही, हे नातवाच्या वेळी कळले.

आता नातवाकडे वळते.

सूनबाईचा निश्चय झाला होता की अहवाल आणायचा आणि औषध सुरू करायचे. माझ्या यजमानांचे मत नेमके उलट. "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. पोरं म्हणजे पोरं," असे म्हणून ते उठून गेले. (जाताना चष्मा विसरून गेले, हे येथे नोंदवते. या विकाराचा आनुवंशिक भाग अभ्यासकांनी सुमारे ७४ टक्के काढला आहे, आणि मुलीच्या निदानानंतर आमच्या घरात एकमेकांकडे बघण्याची रीत थोडी बदलली आहे.) माझ्या एका जाऊबाईंनी तर काळजीने सांगितले, की बाहेर कोणाला बोलू नका, उद्या सोयरीक जमवायची आहे. मुलाचे वय साडेपाच. पण त्यांना हसून चालणार नाही. आपल्या समाजात अशी गोष्ट वीस वर्षे लक्षात ठेवली जाते, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक आहे. म्हणून तर येथे नावे नाहीत.

आम्ही बालमनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. रक्ताची चाचणी नाही, मेंदूचे छायाचित्र नाही. या विकाराला अशी कोणतीही चाचणी अद्याप नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. आई-वडिलांसाठी एक प्रश्नावली, शिक्षिकेसाठी एक, आणि पुष्कळ बोलणे. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो जन्मतारखेचा.

नातवाचा जन्म १८ डिसेंबर २०१८ चा. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणून तो जेमतेम तेरा दिवसांनी त्या वर्षात बसला. वर्ष वाया जाऊ नये म्हणून आम्ही सर्वांनीच आनंदाने त्याला घातले होते. त्याच्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा जानेवारीचा. दोघांत अकरा महिन्यांचे अंतर. पन्नाशीत अकरा महिने म्हणजे काहीच नव्हे. साडेपाचव्या वर्षी तो आयुष्याचा सहावा हिस्सा असतो. एकाला पेन्सिल धरता येते, दुसऱ्याची बोटे दुखतात.

मग बाईंनी कॅनडातील एका अभ्यासाविषयी सांगितले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही शाळाप्रवेशाची सीमारेषा ३१ डिसेंबरचीच आहे. तेथे ६ ते १२ वयोगटातील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत हे निदान ३० टक्क्यांनी अधिक होते. मुलींमध्ये तर ७० टक्क्यांनी. औषध मिळण्याचे प्रमाणही त्याच रीतीने चढलेले. पुढे अमेरिकेतही, जेथे सीमारेषा १ सप्टेंबर आहे अशा राज्यांत, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांत निदान सुमारे एकतृतीयांशाने अधिक आढळले. जन्माचा महिना मेंदूचा विकार घडवीत नाही. म्हणजे त्यांतील काही मुलांना विकार नव्हता, केवळ वय कमी होते, आणि मोठ्यांनी त्याला रोगाचे नाव दिले.

हे ऐकत असताना मला माझी चोपन्न मुलांची हजेरी आठवत होती. जून-जुलैत मी मनाशी 'द्वाड' म्हणून ज्यांच्या नावापुढे खूण करीत असे, त्यांच्या जन्मतारखा मी कधीच पाहिल्या नव्हत्या. त्या तर त्याच हजेरीपटात, पुढच्याच रकान्यात होत्या.

बाईंचा दुसरा प्रश्न झोपेचा होता. मुलगा कामावरून रात्री नऊला येतो, बापलेकांचा खेळ मग सुरू होतो, झोपायला अकरा वाजतात. शाळेची बस सातला, म्हणून सहाला उठवायचे. या वयाच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप हवी. याला सातच मिळत होती. मोठा माणूस झोप कमी झाली की पेंगतो. लहान मूल पुष्कळदा अधिकच उड्या मारते.

तिसरा प्रश्न: शाळेबाहेर कसा असतो? लक्षणे किमान दोन ठिकाणी, आणि सहा महिने तरी दिसली पाहिजेत, असा नियम आहे. केवळ वर्गात दिसणारी गोष्ट कदाचित वर्गाची असते. सूनबाई म्हणाली, घरीही तसाच. मी मात्र रविवारच्या पाठशाळेविषयी सांगितले. मंदिरात बारा मुले, ताई गोष्ट सांगतात, हा पहिल्या रांगेत मांडी घालून बसतो आणि पुढच्या रविवारी सारी गोष्ट नावांसकट सांगतो. मला वाटले, मी नातवाच्या बाजूने बिनतोड पुरावा दिला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आवडीच्या गोष्टीत तर या मुलांचंही लक्ष लागतं. तुमच्या मुलीचं पुस्तकात लागायचं ना?" पंचवीस वर्षांपूर्वीची चूक मी उलट्या दिशेने पुन्हा करीत होते. तेव्हा गोष्टीच्या पुस्तकावरून मुलगी आळशी ठरवली, आता गोष्टीवरूनच नातू निरोगी ठरवीत होते.

औषध दिले नाही. आई-वडिलांसाठी वर्तनमार्गदर्शनाची सहा सत्रे, साडेनऊला झोप, वर्गात पुढचा बाक, आणि सहा महिन्यांनी पुन्हा भेट. शाळेसाठी दोन ओळींचे पत्र. शाळेला ते पुरेसे वाटले नाही, असे नंतर कळले. त्यांना 'आहे' किंवा 'नाही' हवे होते.

एडीएचडीचे निदान आज अति होते की अपुरे, असे मला ओळखीचे लोक विचारतात, कारण आमच्या घरी दोन्ही झाले अशी बातमी पसरली आहे. अमेरिकेचे आकडे पाहिले तर छाती दडपते. २०२२ मध्ये ३ ते १७ वयाच्या मुलांत ११.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ७० लाख मुलांना, कधी ना कधी हे निदान झालेले होते. जगभरातील अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये काढलेले प्रमाण मात्र पाच टक्क्यांच्या आसपास होते. तिकडे जाळे फार लांब फेकले गेले आहे असे म्हणायला जागा आहे. पण त्याच आकड्यांत मुलगे १५ टक्के आणि मुली ८ टक्के आहेत. आणि त्याच देशात ज्या सुमारे दीड कोटी प्रौढांना आज हे निदान आहे, त्यांतील निम्म्यांना ते अठरा वर्षांनंतर मिळाले. म्हणजे जेथे सर्वाधिक निदान होते तेथेही कोणीतरी खिडकीपाशी बसून राहिलेच.

आपल्याकडे तर मोजणारेच थोडे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, बंगळूरच्या निम्हान्सने बारा राज्यांत पाहणी केली तेव्हा, निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. शहरातील महागड्या शाळेतल्या डिसेंबरच्या मुलाला तीन महिन्यांत चिठ्ठी येते, आणि तालुक्याच्या शाळेतील मुलीला 'मनावर घेतल्यास' एवढेच मिळते. माझ्या मते टपाल भरपूर जाते आहे, पत्ते चुकत आहेत. ज्याचा दंगा मोठा त्याच्या दारात पत्र आधी पडते, आणि ज्याला खरी गरज त्याचे घर अनेकदा पोस्टमनच्या वाटेवरच नसते.

औषधाविषयी चार शब्द. मुलगी मिथाइलफेनिडेट घेते. पहिल्या आठवड्यात तिने सांगितले, "आई, डोक्यात एका वेळी एकच रेडिओ लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं." दुपारची भूक मात्र गेली. संध्याकाळी उशिरा गोळी घेतली तर झोप येत नाही. एकदोनदा तिने औषध सोडून पाहिले, पुन्हा घेतले. दूध अजूनही उतू जाते, पण आता ती गॅसपाशी घड्याळाचा गजर लावते आणि सासूबाईंनाही त्याची सवय झाली आहे. सी.ए.ची पुस्तके मात्र माळ्यावरून उतरलेली नाहीत. मी एकदा विषय काढला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "नको आई. ती मुलगी आता राहिली नाही." योग्य वेळी नाव मिळाले असते तर काय झाले असते, याचे उत्तर कोणत्याही औषधात नाही. तिने मला कधी दोष दिला नाही. मी मागितलेल्या क्षमेवर ती काही बोलली नाही, पुढ्यात चहाचा कप ठेवला.

नातू आता दुसरीत आहे. झोप वाढल्यावर सकाळचा चिडचिडेपणा गेला, लिखाण बरेच पुरे होऊ लागले. मधेच बोलणे गेलेले नाही. सहा महिन्यांनंतरच्या भेटीत बाई म्हणाल्या, "आज निदान करण्याइतकं नाही, पण दार लावून घेऊ नका. आठ वर्षांचा झाला की पुन्हा पाहू." सूनबाईला हे अधांतरी राहणे जड जाते. मलाही जाते. पण घाईने लिहिलेल्या शेऱ्यापेक्षा कोरी जागा बरी, असे मी तिला सांगत असते, आणि माझे मलाही.

दिवाळीत सगळे सांगलीला आले होते. नातवाची पाण्याची बाटली त्या सहामाहीत तिसऱ्यांदा हरवली होती. वडील रागावले. आत्या उठली, आपल्या पिशवीतून रंगीत दोरी काढली, नव्या बाटलीला गाठ मारून ती त्याच्या दप्तराला बांधली आणि म्हणाली, "माझ्या किल्ल्यांना पण आहे. बघ." त्याने तिच्या पिशवीत हात घालून किल्ल्या ओढून पाहिल्या. मग दोघे कितीतरी वेळ गाठी मारीत बसले.